सर्जन 400 किलोमीटरवर, रुग्ण टेबलावर

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात नॉर्थ बे नावाचं सुमारे 50 हजार वस्तीचं शहर आहे. 28 फेब्रुवारी 2003 रोजी तिथल्या रुग्णालयात एका रुग्णाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. जठरातलं आम्ल वर चढू नये म्हणून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालायचे होते. रोबोच्या हातांनी हे काम करणारे सर्जन मेहरान अन्वारी त्या वेळी जवळपास 400 किलोमीटर दूर, हॅमिल्टन शहरात बसले होते.

याआधी जगभर गाजलेलं ऑपरेशन वेगळंच होतं. 7 सप्टेंबर 2001 रोजी फ्रेंच सर्जन जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या एका 68 वर्षांच्या बाईंचं पित्ताशय काढलं. अटलांटिक महासागर ओलांडून झालेलं ते पहिलं ऑपरेशन. तरीही मला नॉर्थ बेचं उदाहरण अधिक मोलाचं वाटतं. स्ट्रासबुर्गला हे करता येतं एवढं सिद्ध झालं. नॉर्थ बेमध्ये मात्र मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्या माणसांसाठी ती नेहमीची सेवा म्हणून चालवून पाहिली गेली.

अशा ऑपरेशनची सुरुवात रुग्ण जिथे आहे तिथेच होते. तिथला भूलतज्ज्ञ भूल देतो. तिथलाच सर्जन पोटावर बारीक छेद घेतो, कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवून आत जागा करतो आणि छेदांतून पोर्ट, म्हणजे अवजारं आत जाण्याच्या नळ्या, बसवतो. मग रोबोचे हात त्या पोर्टना जोडले जातात. नॉर्थ बेमधल्या झ्यूस या रोबोला असे तीन हात होते. एकात कॅमेरा, दोनांत अवजारं. स्थानिक सर्जन टेबलाशेजारून हलत नाही. अवजार बदलणं, रक्त शोषून घेणं, एखादा अवयव बाजूला धरून ठेवणं ही कामं त्याचीच. रोबो स्वतःच्या बुद्धीने काहीच करत नाही. दूर बसलेल्या माणसाची बोटं हलली तरच तो हलतो.

दूरचा सर्जन कन्सोलसमोर बसतो. पडद्यावर पोटाच्या आतलं मोठं केलेलं चित्र, हातांत दोन मुठी. त्याचा हात काही सेंटिमीटर सरकला तर अवजार त्याच्या काही अंशानेच सरकेल असं प्रमाण ठरवता येतं, आणि बोटांचा बारीक कंप संगणक गाळून टाकतो. स्पर्श मात्र पोहोचत नाही. दोरा किती ताणला गेला हे बोटांना कळत नाही, ते डोळ्यांनी ओळखावं लागतं: ऊतक किती ओढलं जातंय, कुठे पांढरं पडतंय, गाठ कशी बसतेय. अलीकडच्या काही यंत्रांत दाबाची जाणीव देण्याची सोय येऊ लागली आहे, पण या क्षेत्रातला बहुतेक अनुभव नजरेच्या भरवशावर मिळवलेला आहे.

आता तारेकडे येऊ. सर्जनच्या हाताची हालचाल म्हणजे थोडेसे आकडे, ते हलके असतात. उलट दिशेने येणारा व्हिडिओ फार जड असतो. तो पाठवण्याआधी आकुंचित करावा लागतो आणि पोहोचल्यावर पुन्हा उलगडावा लागतो. हालचाल जायला आणि तिचा परिणाम पडद्यावर दिसायला मिळून जो वेळ लागतो, त्यावर सगळं अवलंबून असतं. मारेस्को यांच्या गटाने अंदाज बांधला होता की सुमारे 330 मिलिसेकंदांपर्यंतचा, म्हणजे सेकंदाच्या एक तृतीयांश इतका विलंब सुरक्षित ठरू शकतो. प्रत्यक्षात त्यांना सरासरी 155 मिलिसेकंद लागले.

आणि हॅमिल्टन ते नॉर्थ बे? तिथे अटलांटिक नव्हता, तरी विलंब 135 ते 140 मिलिसेकंद होता. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. 400 किलोमीटर जाऊन यायला त्याला चारच मिलिसेकंद पुरतात. न्यूयॉर्क-स्ट्रासबुर्ग जाऊन येऊन 14 हजार किलोमीटर धरले तरी सत्तरच. मग उरलेला वेळ गेला कुठे? व्हिडिओ आकुंचित करणाऱ्या आणि उलगडणाऱ्या यंत्रांत, आणि वाटेवरच्या जाळ्यातल्या उपकरणांत. अडसर मैलांचा कमी आणि टोकांना बसवलेल्या उपकरणांचा जास्त होता, आणि उपकरणं सुधारता येतात. जानेवारी 2025 मध्ये सुधीर श्रीवास्तव यांनी गुरुग्राममधून जयपूरच्या रुग्णावर भारतीय बनावटीच्या एसएसआय मंत्र रोबोने हृदयशस्त्रक्रियेतला एक भाग पार पाडला, तेव्हा जाहीर झालेला विलंब 35 ते 40 मिलिसेकंद होता.

अंतर खरोखर आडवं येतं ते उपग्रहामुळे. पृथ्वीवरून स्थिर दिसणारे दळणवळण उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतात. संदेश वर जाऊन खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार. एवढ्यातच 480 मिलिसेकंद संपतात. 330 मिलिसेकंदांची मर्यादा इथेच ओलांडली जाते. जिथे तार पोहोचलेलीच नाही अशा प्रदेशांसाठी म्हणूनच आता काहीशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांकडे डोळे लागले आहेत.

विलंब थोडा असूनही भागत नाही, तो स्थिरही असावा लागतो. परदेशातल्या नातेवाइकाशी बोलताना आवाज ठरावीक उशिराने येत असेल तर आपण थांबून थांबून बोलायला शिकतो. तो उशीर सारखा बदलू लागला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. सर्जनचंही तसंच होतं. ठरलेल्या विलंबाशी हात जुळवून घेतो, हालचाली संथ करतो. लहरी विलंबाशी जुळवून घेणं जमत नाही. नॉर्थ बेसाठी बेल कॅनडाचं व्यावसायिक जाळंच वापरलं होतं, मात्र या वाहतुकीला त्यात अग्रक्रम दिला होता आणि दुसरी लाइन राखीव होती. दोन्ही लाइन तुटल्याच असत्या, तर रोबोचे हात काढून तिथल्या सर्जनने ऑपरेशन पुढे नेलं असतं. त्याला ते येत असणं हीच सगळ्यात मोठी सुरक्षा.

अन्वारी आणि नॉर्थ बेचे सर्जन क्रेग मॅकिन्ली यांनी 2005 मध्ये 21 ऑपरेशनांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत 13 आम्ल चढण्यावरची, बाकी मोठ्या आतड्याची आणि हर्नियाची. एकाही रुग्णाचं पोट उघडावं लागलं नाही, ऑपरेशनदरम्यान गंभीर गुंतागुंत झाली नाही. मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोघे सर्जन भूमिका बदलत असत. कधी दूरचा हात चालवी आणि जवळचा मदत करी, कधी जवळचा ऑपरेशन करी आणि दूरचा पाहून सांगे. रुग्णाला घरापासून लांब जावं लागलं नाहीच, शिवाय कौशल्य हळूहळू त्या गावात उतरत होतं.

एवढं जमूनही ही पद्धत पसरली नाही. 2003 मध्येच झ्यूस बनवणारी कंपनी तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीत, दा विंची रोबोच्या निर्मात्यांत, विलीन झाली आणि झ्यूस बंद पडला. दा विंचीचा सर्जन साधारणपणे रुग्णाच्याच खोलीत बसतो. पुढे डिसेंबर 2018 मध्ये अहमदाबादचे हृदयरोगतज्ज्ञ तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरातून, सुमारे 32 किलोमीटरवरून, पाच रुग्णांची अँजिओप्लास्टी केली. त्यासाठी वापरलेला कॉरपाथ रोबो बनवणारी कंपनी सीमेन्स हेल्थिनियर्सने विकत घेतली आणि 2023 मध्ये हृदयाच्या कामासाठी तो रोबो देणं थांबवलं. दोन्ही वेळा डॉक्टरांचे हात कमी पडले नव्हते. सुटे भाग आणि देखभाल यांचा आधार गेला. लहान गावाचं आरोग्य एका यंत्रावर टेकवायचं असेल, तर ते यंत्र दहा वर्षं कोण सांभाळणार याचा करार आधी हवा.

यातून उपचार किती जणांपर्यंत पोहोचतील? लॅन्सेटच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने 2015 मध्ये सांगितलं की जगातल्या सुमारे 500 कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. रुग्णालय सक्षम आहे का हे पाहायला त्यांनी तीन ऑपरेशनं निवडली: सिझेरियन, पोट उघडून करायचं ऑपरेशन आणि उघड्या फ्रॅक्चरवरचा उपचार. यांपैकी एकालाही रोबो लागत नाही. लागतात सर्जन, भूलतज्ज्ञ, रक्त आणि न जाणारी वीज. भूलतज्ज्ञ नाही म्हणून ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला पाठवलेली बाळंतीण आपल्याकडे नवी नाही, आणि तिची अडचण गुरुग्राममध्ये बसलेल्या सर्जनला सोडवता येणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात रोजची ऑपरेशनं नीट होतात, फक्त अवघड कामाचा तज्ज्ञ नाही, तिथे या तंत्राचा खरा उपयोग. आतड्याच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाचा रुग्ण मग नागपूर-मुंबईच्या वाऱ्या न करता गावाजवळ बरा होऊ शकतो. मेंदूतली गुठळी काढण्यासाठीही अशा रोबोंवर प्रयोग सुरू आहेत. मोठ्या रक्तवाहिनीच्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. असा रुग्ण दूरच्या शहराची वाट पाहू शकत नाही.

कायद्याची बाजू अजून कच्ची आहे. भारताच्या 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी दूरस्थ शस्त्रक्रिया आपल्या कक्षेबाहेर ठेवली. यंत्राला परवानगी मिळणं वेगळं आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण हे ठरणं वेगळं. तोवर संमतिपत्रावर दोन्ही सर्जनांची नावं हवीत, लाइन तुटल्यास सूत्रं कोणाच्या हाती जातील हे लिहिलेलं हवं, आणि ते मराठीत, रुग्णाच्या घरच्यांना वाचून दाखवलेलं हवं.