स्कूल बस: गाडीचा परवाना, चालकाचं लायसन्स

मुखेडच्या वाडी-तांड्यांवरून पोरं आणणारी पिवळी गाडी राज्याच्या २०११च्या स्कूल बस नियमांत येते. गाडीचा परवाना वेगळा, चालकाचं लायसन्स वेगळं. पालकांची गफलत होते ती इथंच. लायसन्सवर दोन मुदती असतात. पाहायची ती ‘टीआर’पुढची, म्हणजे व्यावसायिक वाहनाची, २०१९च्या दुरुस्तीपासून ती पाच वर्षांची आहे. मात्र एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली छोटी गाडी ‘टीआर’ नसतानाही हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर २०२४चा निकाल आहे. म्हणून कोंबून पोरं भरायची मुभा मिळाली, असं नव्हे! यावर लक्ष ठेवणाऱ्या शाळेच्या परिवहन समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात, पालकांचा प्रतिनिधीही असतो. शेवटची बैठक कधी झाली, तेवढं विचारून या.