तांब्याचा अपवाद

सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यास पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. ते पाणी उंचवट्यावर थांबत नाही. आधी सखल जागा भरते, मग वर चढते.

अणूतही असाच नियम दिसतो. अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉनांची कवचे असतात. इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या जागा प्रथम व्यापतात. चौथ्या कवचातील पहिल्या दोन जागा अशाच असल्याने तिसरे कवच पुरते भरण्यापूर्वीच त्या भरतात.

तांब्याच्या अणूत २९ इलेक्ट्रॉन असतात. नियमाप्रमाणे त्यांची मांडणी २, ८, १७, २ अशी व्हावयास हवी. परंतु तांब्याच्या तप्त वाफेतून निघणाऱ्या प्रकाशाचे शास्त्रज्ञांनी पृथक्करण केले, तेव्हा ती २, ८, १८, १ अशी आढळली. क्रोमियमचेही तसेच. त्याच्या २४ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १२, २ नसून २, ८, १३, १ अशी असते.

असे का व्हावे? तिसऱ्या कवचाच्या अखेरच्या जागा आणि चौथ्याच्या पहिल्या जागा यांच्या ऊर्जेत फारच थोडा फरक असतो. एका इलेक्ट्रॉनाने जागा बदलल्याने साऱ्या अणूची ऊर्जा घटत असेल, तर तीच मांडणी टिकते. म्हणजे ऊर्जा कमीत कमी असावी, हा निसर्गाचा नियम मोडत नाही. आपण बांधलेला ठोकताळा तेवढा अपुरा ठरतो.

घरातील तांब्याचा हंडा पाहाल, तेव्हा हे ध्यानात आणा. अपवाद दिसला, की तो टाकून देऊ नये. त्याचे कारण शोधावे. ज्ञान असेच वाढते.