उन्हाळ्यात नाशिकला येताय? मिसळ सकाळीच खा!

परवा मुंबईची मावसबहीण मुलांना घेऊन आमच्याकडे इंदिरानगरला आली. संध्याकाळी सहाला म्हणाली, "चल, मिसळ खाऊ." मी म्हटलं, "ताई, आता नाही, उद्या सकाळी."

मिसळ ही नाशिककरांची सकाळची न्याहारी. रविवारी आठ-नऊलाच गर्दी होते. उशीर केलात तर ऊन डोक्यावर आणि तर्री पोटात!

ताट आलं की लगेच सगळा रस्सा ओतू नका. मटकी, फरसाण, कांदा, त्यावर थोडा रस्सा, लिंबू. फरसाण कुरकुरीत असतानाच दोन घास घ्या. मग रस्सा पुन्हा मागा, संकोच नको. सोबतचा पापड रस्स्यात बुडवून खायचा. पंचवटीकडे काळ्या मसाल्याचा रस्साही मिळतो. मला तोच जास्त आवडतो. कांदा-खोबरं भाजल्याचा वास ताटाआधी येतो.

अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आखाजीच्या सुमारास आलात तर दुपारचं जेवण घरचंच घ्या. आमरस, तळलेली कुरडई आणि जमलं तर खापरावरचे मांडे. मांडा करताना नक्की बघा. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत नेतात आणि उपड्या खापरावर अलगद टाकतात. माझी आजी रसात सुंठ आणि वरून तूप घालायची, आम्ही अजून तसाच खातो.

त्यानंतर दोन तास झोप. रात्री खिचडी-कढी पुरते.

द्राक्षांचा हंगाम मात्र एप्रिलपर्यंत संपत आलेला असतो, तेवढं लक्षात ठेवा.

कधी येताय, सोबत लहान मुलं आहेत का, तिखट किती चालतं, ते कमेंटमध्ये लिहा. कुठे काय खायचं ते सांगते.