पेटीवाल्याच्या बाजूनं

गाण्याच्या बैठकीत मी शक्यतो उजव्या बाजूला बसते. गायकाच्या डाव्या हाताला पेटी असते, आणि मला पेटीवाला जवळून बघायचा असतो.

ती करामत नीट पाहिली पाहिजे. गायकाच्या मनात पुढची तान कोणती आहे, हे साथीदाराला ठाऊक नसतं. तान आली की ती क्षणभरात कानात धरायची आणि गायक दम घेईल तेवढ्या जागेत तिचं शेपूट बोटांतून सोडायचं. ठेका चुकवायचा नाही, गायकाला ढकलायचंही नाही. त्यात पेटीचा प्रत्येक सूर पितळी पट्टीनं पक्का बांधलेला, त्यामुळे मींड निघत नाही. जाणता साथीदार मग मींडेच्या वाटेला जात नाही; गायक ज्या सुरावर उतरतो, तो तेवढा धरतो. काय वाजवायचं नाही हे कळणं ही या कलेतली मोठी विद्या आहे, असं माझं ठाम मत आहे.

याच मर्यादेवर बोट ठेवून 1940 साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. परदेशी वाद्य, श्रुती निघत नाहीत, असे आक्षेप होते. बंदी 1971 साली उठली, तीही साथीपुरती. म्हणजे तीस वर्षं देशातल्या सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पेटीवाल्याचा हात पोचलाच नाही. मर्यादा खरी होती. पण शिक्षा वाद्यापेक्षा वादकांना झाली.

महाराष्ट्रानं मात्र पेटीला अंतर दिलं नाही. गोविंदराव टेंब्यांनी भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला साथ केली, स्वतंत्र वादनात नाव मिळवलं, आणि 1911 साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ला चालीही दिल्या. पुढं जालन्याचे अप्पा जळगावकर आणि गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांच्यामुळे साथ म्हणजे काय, हे आपल्याला कळलं. बोरकरांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या दिवशी मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.

पण ही नावं वगळली तर? तालुक्याच्या गावी भजनाला, नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला, गाण्याच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना साथ करणारे कितीतरी हात आहेत. पत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. काही वेळा नुसतंच ‘साथसंगत’. सूत्रसंचालक गायकाचं घराणं सविस्तर सांगतो आणि पेटीवाल्याचे गुरू कोण, हे विचारायचंही त्याच्या लक्षात येत नाही. मानधनाचं पाकीटही याच क्रमानं पातळ होत जातं.

म्हणून आमच्या घरच्या बैठकीत काही रीती पडल्या आहेत. गाण्याआधी अर्धा तास एकल पेटी, ज्यात साथीदाराला हवा तो राग मनासारखा मांडता येतो. पत्रिकेत सगळी नावं एकाच आकारात. मानधन आधी बोललेलं, आणि साथीदार उठायच्या आत हातात. जमलेली मंडळी पदरचे पैसे घालतात. कुणाला ते जड वाटलेलं मी पाहिलं नाही. एकल वादन ऐकलेला माणूस पुढं साथही वेगळ्या कानानं ऐकतो, आणि आपल्या घरच्या कार्याला त्याच वादकाला बोलावतो. आमच्याकडे वाजवून गेलेल्या एका तरुण वादकाला अशीच गावोगावची आमंत्रणं येऊ लागली आहेत. त्याची तारीख आता आम्हालाच आधी विचारून ठेवावी लागते.