उसावरील केवडा आणि घरातील केसगळती



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या घरातलाच आहे.

घाटंजी भागात एका सभासदाच्या ओलिताच्या उसाची पाहणी करायला आम्ही गेलो होतो. खोडव्यावर केवडा पडला होता. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, तर कोवळी पाने पार पांढरी पडलेली. जमीन चुनखडीची, त्यामुळे लोहाची कमतरता स्पष्ट दिसत होती. हिराकस फवारायला सांगून आम्ही घरी चहाला बसलो, तेव्हा आतून वहिनी म्हणाल्या, "साहेब, उसाचं औषध सांगता, आमच्या केसाचंही सांगा न. पयले वेणी मुठीत मावत नोती, आता बोटाएवढी राह्यली." कोनाड्यात आठवडी बाजारातून आणलेल्या तेलाच्या तीन बाटल्या होत्या. जिना चढताना दम लागतो, पायांत गोळे येतात, हेही बोलता बोलता निघाले.

आम्ही काही डॉक्टर नव्हेत. रुग्णालयात जाऊन आधी रक्त तपासा, एवढेच आम्ही सांगितले. हिमोग्लोबिन साडेसात भरले. बाईच्या अंगात रक्त कमी होते आणि घरात पैसा चालला होता तेलावर!

केस का गळतात?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले रोज पन्नास ते शंभर गळणे हा निसर्गनियमच आहे, त्याची धास्ती घेऊ नये. मात्र अंगात लोह, प्रथिने किंवा जस्त कमी पडले, मोठा ताप येऊन गेला किंवा बाळंतपण झाले, की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी फणीत येऊ लागतात. म्हणून कारण आज शोधायचे नसते, तीन महिने मागे जाऊन शोधायचे असते. खताची उपासमार झालेला ऊस त्याच दिवशी पिवळा पडत नाही, तसेच हे आहे.

स्त्रियांना लोहाची गरज पुरुषांपेक्षा जास्त असते. दर महिन्याच्या पाळीत लोह जाते आणि गरोदरपणात ते बाळाला द्यावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या सभासदांपैकी निम्म्या घरांत हा प्रश्न असू शकतो. केस हे त्याचे बाहेर दिसणारे पान. खरे नुकसान आत होते: थकवा, धाप, अवघड बाळंतपण आणि कमी वजनाचे मूल.

असून नसल्यासारखे

चुनखडीच्या जमिनीत लोह नसते असे नाही. असते, पण चुन्यामुळे ते बांधले जाते आणि मुळांना मिळत नाही. ताटातही हाच प्रकार घडतो. ज्वारी, डाळ आणि पालेभाजीत लोह आहे, पण धान्यातील काही घटक ते धरून ठेवतात. त्यात जेवणावर लगेच चहा घेतला तर उरलेलेही अंगी लागत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू, टमाटे अशी आंबट फळे जेवणासोबत असली तर लोह चांगले शोषले जाते.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आपल्याकडे घरची बाई सर्वांच्या शेवटी जेवते. तिच्या वाट्याला येते भाकर आणि तळाचे पातळ वरण. डाळ, दूध, अंडे आधीच संपलेले असते. शेतातल्या कोणत्या सरीला पाणी पोचले नाही हे आपण रात्री बॅटरी घेऊन पाहतो. घरातल्या या सरीकडेही एकदा पाहावे.

तपासल्याशिवाय खत नाही

कमी पडले तसे जास्त झाले तरी नुकसान होते. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडे. १८ गावांत पावणेतीनशेच्या वर माणसे बाधित झाली. त्यांत कॉलेजच्या मुलीही होत्या. लाजेने कोणी घराबाहेर पडेना. प्रथम संशय पाण्यावर गेला, शांपूवरही गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके तपासणीस आली. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही रक्त, लघवी, केस व गहू यांची तपासणी करून घेतली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बाधितांच्या अंगात सेलेनियम फार वाढले होते, जस्त कमी होते आणि सेलेनियमचे मूळ बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हात होते.

सेलेनियम शरीराला लागते, पण चिमूटभराहूनही कमी. हिराकसाचे द्रावण कडक झाले की पाने करपतात, हे आपण पाहिलेच आहे. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून केसांच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. माती परीक्षण करूनच खत द्या, हे आमचे नेहमीचे सांगणे इथेही लागू आहे.

काय करावे?

१) घरातील सर्व स्त्रिया व वयात आलेल्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात, घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयातही, ही सोय आहे. १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली असले तर रक्त कमी समजावे.

२) डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चहा-दुधासोबत घेऊ नयेत, लिंबूपाण्यासोबत घ्याव्यात. शौच काळी होते, घाबरू नये. रक्त भरल्यावरही सांगितलेले महिने पूर्ण करावेत, कारण कोठार भरायला वेळ लागतो.

३) आपल्या भागात सिकलसेलचा आजार आहे. घरात कोणाला असल्यास गोळ्यांपूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे.

४) आहारात हरभरा, मसूर, चवळी, तीळ, अहळीव, अंबाडी, चिवळ, माठ असावे. चालत असल्यास अंडी, मासे, मटण घ्यावे. चहा जेवणानंतर तासाभराने.

५) गुळात लोह आहे, पण नुसत्या गुळाने रक्तक्षय बरा होत नाही. आम्ही ऊसवाले असूनही हे सांगितलेच पाहिजे.

६) गोल चट्टे पडून केस जात असतील, गळा सुजला असेल किंवा पाळीत रक्त फार जात असेल तर कारण वेगळे असू शकते. डॉक्टरांनाच दाखवावे.

महत्त्वाची सूचना: लोहाच्या कित्येक गोळ्यांत फेरस सल्फेट म्हणजे हिराकसच असते हे खरे. पण शेतीचे हिराकस कोणीही, कधीही पोटात घेऊ नये. त्यात इतर धातू असतात. तसेच लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, जास्त गेल्यास जिवावर बेतते.

केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतात, तेव्हा घाई करून चालत नाही. त्या वहिनींचे रक्त चार महिन्यांनी साडेदहावर आले. कपाळाजवळ बारीक नवे केस दिसू लागले होते, पण त्यांनी आधी सांगितले ते दुसरेच: "आता जिना चढता येते, साहेब."

पुढील पंधरवड्यात आमचे कर्मचारी माती नमुन्यासाठी आपल्या गावी येतील. आपण नमुना काढाल तेव्हा घरच्या मंडळींनाही तपासणीस न्यावे, एवढीच नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी