पाण्याची गोळी झाडणारा ‘दक्ष’

रेल्वे स्टेशनच्या बाकाखाली एक बॅग पडली आहे. कोणाची, कोणालाच माहीत नाही. पोलिसांनी सगळ्यांना लांब नेलं, दोरी बांधली. आता त्या बॅगेजवळ जाऊन बघायचं कोणी?

फार वर्षं उत्तर एकच होतं : बॉम्बशोधक पथकातला कोणीतरी. 30 किलोंहून जड संरक्षक पोशाख घालायचा आणि एकट्याने चालत जायचं. विचार करा, घरी त्याचीही मुलं वाट बघत असणार!

हे उत्तर बदलायला लागलं 1972 साली. तेव्हा उत्तर आयर्लंडमध्ये मोटारींत बॉम्ब ठेवले जात होते. ते निकामी करताना ब्रिटिश सैन्यातले जवान जिवाला मुकत होते. पीटर मिलर या लष्करी अधिकाऱ्याच्या मनाला ते फार लागलं. त्याने पूर्वी गवत कापायच्या यंत्राला दोरी बांधून, ते खुंट्याभोवती आपोआप फिरवायची युक्ती केली होती. ती त्याला आठवली. मग बागकामाच्या दुकानातून त्याने विजेवर चालणाऱ्या ढकलगाडीचा सांगाडा आणला. त्याला आकडा लावला, की संशयित मोटार लांबूनच ओढून नेता येईल. सुरुवातीला तर ही गाडी दोऱ्या ओढूनच वळवायचे! इंग्रजीत ढकलगाडीला व्हीलबॅरो म्हणतात. पुढे हे यंत्र कितीतरी सुधारलं, पण नाव तेच राहिलं.

आपल्याकडचा असा रोबो म्हणजे ‘दक्ष’. तो घडला पुण्यात. पुण्याहून आळंदीला जाताना दिघीच्या परिसरात डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची एक प्रयोगशाळा लागते. सैन्याच्या इंजिनिअरांसाठी पूल आणि यंत्रं बनवणारी. तिथल्या लोकांनी ‘दक्ष’ तयार केला आणि डिसेंबर 2011 मध्ये पहिले पाच ‘दक्ष’ सैन्याच्या हाती आले.

त्याला चालवणारा जवान सुमारे 500 मीटर लांब राहू शकतो. तुम्ही जोरात पळत सुटलात तरी एवढं अंतर कापायला दोनेक मिनिटं लागतील! ‘दक्ष’चे कॅमेरे जे बघतात ते जवानाला पडद्यावर दिसतं. ‘दक्ष’ जिने चढतो. बॅग न उघडता क्ष-किरणांनी तिच्या पोटातलं बघतो, त्यात बॅटरी, तारा आहेत का ते कळतं. त्याचा यांत्रिक हात 20 किलोंपर्यंत वजन उचलतो.

आणि बॉम्ब निकामी कशाने करतो? पाण्याने! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. बॉम्ब भिजवतात की काय? छे! विहिरीत उडी मारताना कधी पोटावर पडला आहात? फाडकन चपराक बसते, पोट लालेलाल होतं. तेच मऊ पाणी, पण वेगात आपटलं की दगडासारखं लागतं. ‘दक्ष’च्या जाड नळीत पाणी भरलेलं असतं आणि त्यामागे बंदुकीत असतं तसं काडतूस. काडतूस उडालं की पाण्याचा झोत सुसाट सुटतो. तो बॅग फाडून आत घुसतो आणि तारा, बॅटरी क्षणात विस्कटून टाकतो. असा बॉम्ब पेटायला बहुतेक वेळा वीज लागते. बॅटरीपासून ती निघायच्या आतच तार तुटली, तर बॉम्ब उडणार कसा? शिवाय पाण्याची ठिणगी पडत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हा रोबो स्वतः काहीच ठरवत नाही. झोत कुठे मारायचा, कधी मारायचा, हे पडद्यासमोर घाम पुसत बसलेला माणूसच ठरवतो. बॉम्ब बनवणाऱ्याने आत काय केलं असेल, ते ओळखायला या माणसाचं वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण कामी येतं. आणि एवढं करूनही स्फोट झालाच, तर मोडेल तो रोबो. त्याचे तुकडे गोळा करून नवा बनवता येतो. मला या यंत्राचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं ते याचंच.

पण ‘दक्ष’ येईपर्यंत पहिलं काम तुमचं आहे बरं का! बेवारस बॅग, डबा, खेळणं दिसलं तर हात लावू नका, पायाने ढकलूही नका. लांब व्हा, मोठ्यांना सांगा आणि त्यांना 112 वर फोन करायला लावा.