‘हायपर झालाय, म्हणजे औषध लागू पडतंय’: स्वमग्न मुलांच्या पर्यायी उपचारांविषयी काही गैरसमज

नाशिकमध्ये स्वमग्न मुलाच्या आईबाबांना सल्ल्यांची वाण नसते. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू असतेच. त्यात कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या सुचवतं, कुणी पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाला नेतं, कुणी दूध-गहू बंद करायला लावतं, तर कुणी परदेशातून पावडर मागवून देतं. मग एखाद्या आठवड्यात मूल एका जागी ठरेनासं होतं, सोफ्यावरून उड्या मारतं, रात्री दोनला उठून बसतं. अशा वेळी कानावर पडणाऱ्या समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज: आधी त्रास वाढतो, मग उतरतो. चंचलता वाढली हे गुण येण्याचं लक्षण.

वस्तुस्थिती: ‘शरीरातली घाण निघतेय’, ‘पोटातली बुरशी मरतेय’ या स्पष्टीकरणांना स्वमग्नतेच्या बाबतीत भरवशाचा पुरावा नाही. शिवाय चंचलता कमी झाली तरी गुण आणि वाढली तरी गुण असं मानलं, तर औषध चुकलं हे कळणार कधी? ज्या मुलाला ‘पोटात दुखतंय’ असं सांगता येत नाही, त्याची तक्रार वागण्यातूनच दिसते. ते पळता पळता मध्येच टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभं राहत असेल, तर आधी बद्धकोष्ठता आणि पोटदुखी तपासायला हवी. दातदुखी, कानदुखी, अपुरी झोप, लोहाची कमतरता यांनीही मूल बेचैन होतं.

गैरसमज: चंचलता हा ऑटिझमचाच (स्वमग्नतेचाच) भाग, तिचं वेगळं काही करता येत नाही.

वस्तुस्थिती: मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीनुसार २०१३ पर्यंत एकाच मुलाला ऑटिझम आणि एडीएचडी (अवधान टिकत नसणं आणि अतिचंचलता) ही दोन्ही निदानं देता येत नव्हती. त्या वर्षी हा नियम बदलला. दोन्ही एकत्र असू शकतात आणि एडीएचडीवर स्वतंत्र उपचार आहेत. कधी कारण नेहमीच्या औषधातही असतं. दम्याचं सालब्युटामॉल, सर्दीची काही सिरप आणि फिट्ससाठी दिलं जाणारं फेनोबार्बिटोन यांनी काही मुलं जास्त चंचल होतात. मात्र फिट्सचं औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

गैरसमज: नैसर्गिक आहे, त्यामुळे अपाय होणार नाही.

वस्तुस्थिती: २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिशाने मुलांचं लक्ष विचलित होतं, चंचलता वाढते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी औषध दिलं, तीच वाढू शकते. सगळी आयुर्वेदिक औषधं अशी असतात, असा याचा अर्थ नाही. पण पुडीवर घटकांची नावं, परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख असलीच पाहिजे. कोऱ्या कागदात बांधून दिलेली पुडी मुलाला देऊ नका. सुवर्णप्राशनात मध असतो, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही.

गैरसमज: ओळखीच्या मुलाला गुण आला, म्हणजे उपचार खरा.

वस्तुस्थिती: ऑटिझमवरचा उपाय म्हणून सिक्रेटिन या इंजेक्शनचा एकेकाळी फार गाजावाजा झाला होता. १९९९ मध्ये अमेरिकेत ६० मुलांवर त्याची चाचणी झाली. काहींना सिक्रेटिन दिलं, काहींना नुसतं सलाइन. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच दिसली. निकाल कळल्यावरही ६९ टक्के पालकांना तो उपचार हवाच होता. २००१ मध्ये डीएमजी या पूरक गोळीच्या ३७ मुलांवरच्या चाचणीतही हेच झालं. खरी गोळी आणि खोटी गोळी यांत ठळक फरक निघाला नाही. मूल वाढतं, थेरपी चालू असते, आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना बदल दिसतो. यात पालकांचा काही दोष नाही. म्हणूनच तुलना करणाऱ्या चाचण्या लागतात.

गैरसमज: गोड बंद केलं की मूल शांत होतं.

वस्तुस्थिती: साखरेने मुलं चंचल होतात, हे १९९५ पर्यंतच्या चाचण्या एकत्र तपासूनही सिद्ध झालं नाही. काही कृत्रिम खाद्यरंगांचा मात्र थोडा परिणाम होतो, असं २००७ च्या ब्रिटिश अभ्यासात दिसलं. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. दूध-गहू बंद केल्याने चंचलता जाते याला ठोस पुरावा नाही. आधीच मोजकंच खाणाऱ्या मुलाच्या पोषणात त्याने तूट पडू शकते.

गैरसमज: फायदा नाही झाला, तर नुकसान तरी काय?

वस्तुस्थिती: २००५ साली अमेरिकेत एक पाच वर्षांचा स्वमग्न मुलगा ‘जड धातू काढण्याच्या’ कीलेशन उपचारात दगावला. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं स्पष्ट केलं.

मग करायचं काय?

एका वेळी एकच बदल करा. वहीत रोज चार गोष्टी लिहा: काय दिलं, किती झोपलं, शी कशी झाली, शाळेत कसं वागलं. नवं काही सुरू करण्याच्या आधीपासून लिहा, म्हणजे तुलना करता येते. बेचैनीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. मग वही आणि घरातल्या सगळ्या बाटल्या-पुड्या पिशवीत घालून बालरोगतज्ज्ञांकडे जा. ‘रागावतील’ म्हणून काहीही लपवू नका. खासगी तपासणी परवडत नसेल, तर २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय केलेली आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्याची चौकशी करा.

१९७७ साली रजनीताई लिमये यांनी नाशिकमध्ये विशेष मुलांसाठी प्रबोधिनी ही संस्था सुरू केली, तीही एका आईच्या जाणिवेतूनच. आईबाबांचं निरीक्षण मोलाचं आहे. ते कुणा उपचारकाच्या शब्दाखातर बाजूला सारू नका. तुमचं मूल बेचैन दिसत असेल, तर कारण सापडेपर्यंत विचारत राहणं हा तुमचा हक्क आहे.